कानाजवळची रिकामी जागा

उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणाऱ्या माणसाने काचेतल्या स्वतःच्या डोळ्यांत बघायचं नसतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण टांगत्या पाळण्यात पहिल्यांदा पाय ठेवणाऱ्याला दोर तपासायच्या आधी हेच शिकवतात. बघितलं की हात थबकतो आणि थबकलेला हात चुकतो. दुसरा नियम असा की धुऊन झालेल्या काचेकडे मान वर करून बघायचं नाही. वरच्या मजल्यापासून सुरुवात करायची, उतरत यायचं, मागे राहिलं ते राहिलं.

पालोबाला हे दोन्ही नियम त्याच्या वडिलांनी शिकवले. पालोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंतीला पाल चिकटावी तसा तो काचेला चिकटायचा, म्हणून जोडीदारांनी आधी पाल म्हटलं आणि पुढे वय वाढलं तसं मानाने पालोबा. आता तो चाळिशीला टेकला होता. सोळा वर्षं दिवसातले सात तास काचेसमोर उभं राहूनही आपण दिसतो कसे, हे त्याला धड सांगता आलं नसतं. दाढीसुद्धा तो हाताने चाचपून करायचा. बायको माहेरी आईच्या आजारपणाला गेल्यापासून तर घरातल्या आरशावर धूळ बसली होती.

वडिलांनीही तीस वर्षं हेच काम केलं. त्यांच्या उजव्या कानापुढे एक खरखरीत डाग उठला होता, खपली धरायचा, निघायची, पुन्हा धरायचा. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हेल्मेटचा पट्टा घासतो." चार वर्षं पट्टाच घासत होता. पाचव्या वर्षी डॉक्टरांनी उन्हाने झालेल्या कॅन्सरचं नाव घेतलं, तोवर तो मानेत उतरला होता. सहावं वर्ष त्यांनी पाहिलं नाही.

तेव्हापासून पालोबाच्या आईला ऊन म्हणजे घरात शिरलेलं परकं माणूस वाटे. ती वडिलांपेक्षा चार इयत्ता जास्त शिकलेली होती. वर्तमानपत्रातलं आरोग्याचं पान कापून ठेवायची.

"अरे, सनस्क्रीन लाव," ती म्हणायची.

"आई, मी काय नट आहे?"

"नट सावलीत बसतात. तू उन्हात लोंबकळतोस."

पालोबाकडे खरं कारण होतं. क्रीमच्या हाताचा ठसा काचेवर उमटतो. अठराव्या मजल्यावर पंजा उमटला आणि पाळणा खाली सरकला की तो पुसायला कोण जाणार? मुकादमाचा हुकूम होता, तेल नाही, क्रीम नाही. शिवाय सकाळभर ते इमारतीच्या सावलीकडच्या बाजूलाच काम करत, मग ऊन लागतंच कुठे, असं त्याचं म्हणणं.

"समोरची इमारत काचेचीच आहे ना?" आईने एकदा विचारलं.

"हो. मग?"

"मग तिच्यावरचं ऊन कुठे जातं?"

पालोबाने हनुवटी चाचपली. सावलीत काम करूनही दुपारपर्यंत हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला आग व्हायची. टोपीला ज्या जागा कधी सापडत नाहीत, नेमकी तिथेच. त्याच्या मनात पाल चुकचुकली, आणि पालोबाच्याच मनात ती चुकचुकावी याचं त्याला हसू आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेक औषधांच्या दुकानात गेले.

दुकानातल्या बाईंनी काउंटरवर दोन खोकी ठेवली. एक काळं, त्यावर पिळदार हनुवटीचा पुरुष. एक पांढरं.

"पुरुषांसाठी काळं असतं का?" पालोबाने विचारलं.

"काळं खोकं असतं. आत पुरुषांचं वेगळं काही नसतं. वास तेवढा उग्र. दाढी करणार असाल तर वास नसलेलंच घ्या, चरचरणार नाही. घाम किती येतो?"

"डोळ्यांत जातो. आणि वर असताना डोळे चोळता येत नाहीत, दोन्ही हात कामात."

"मग ही झिंकची घ्या. डोळ्यांना कमी झोंबते, घामात टिकते. एसपीएफ पन्नासची आहे, उन्हातल्या दोन्ही प्रकारच्या किरणांना चालते. चेहरा पांढरट दिसेल पण."

"चुना लावल्यासारखा?"

"आम्ही लोकांना लावत नाही, लोक स्वतःच लावून घेतात," बाई न हसता म्हणाल्या. "दोन बोटांवर भरून दोन रेघा, एवढी चेहऱ्याला आणि मानेला लागते. मटारच्या दाण्याएवढी लावून मला दोष देऊ नका. कान, कानामागे, मान, पापण्यांखाली. दर दोन तासांनी पुन्हा. आणि घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी."

आईने प्रत्येक शब्दाला मान हलवली, जणू पाठ होतं.

मुकादमाशी बोलणं झालं. तळहात साबणाने धुऊन हातमोजे घालायचे, या अटीवर त्याने डोळेझाक केली. पालोबाने ट्यूबला दोरी ओवून ती कमरेच्या पट्ट्याला बांधली, कारण वरून काही पडलं तर खाली कुणाचं तरी कपाळ असतं. सकाळी दाराशी उभं राहून, आरसा न बघता, तो दोन रेघा चेहऱ्यावर फिरवायचा. कपाळ, नाक, गाल, कान, मान. हात आपोआप चालायचा.

"लग्नाला निघालात का पालोबा?" पाळण्यातला जोडीदार म्हणाला.

"तुझ्याच. मुलगी कुठाय?"

"तुम्हाला असं बघून पळाली असेल."

दोन आठवडे असे गेले. हनुवटीखालची आग थांबली. पालोबाला मनातून बरं वाटत होतं, पण आईला त्याने ते सांगितलं नाही, नाहीतर तिने पायमोजेही दोन दोन घालायला लावले असते.

तिसऱ्या आठवड्यात मुकादमाने त्याला खाली बोलावून घेतलं.

"एकोणिसाव्या मजल्यावर जा. आतून. तिथल्या मॅडमना काहीतरी दाखवायचंय. आणि पालोबा, जे काही असेल ते पुसून ये."

एवढ्या वर्षांत तो इमारतीच्या आत क्वचितच गेला होता. लिफ्टमध्ये त्याला कसंसंच झालं. पाय जमिनीवर असूनही वर जाणं त्याच्या सवयीचं नव्हतं. एकोणिसाव्या मजल्यावर टेबलांच्या रांगा होत्या आणि खिडकीजवळच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांवरची माणसं आपापली कामं घेऊन भिंतीकडे सरकून बसली होती.

हिशेब तपासणाऱ्या एक बाई उठून आल्या. "दादा, तुम्हीच बाहेरून धुता ना? रागावू नका. आम्ही हसत होतो आधी. पण आता तिथे बसवत नाही कोणाला."

"काय झालं?"

"थांबा. पावणेदहाला दिसतं."

काच स्वच्छ होती. पालोबाला आपल्या कामाचा थोडा अभिमानच वाटला. मग समोरच्या इमारतीवरचं ऊन हळूहळू सरकत आलं, तिरपं होऊन काचेवर पडलं, आणि खिडकीच्या कोपऱ्यात, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर वीतभर, एक चेहरा उमटला.

अर्धाच. एका बाजूचा. गाल, मिटल्यासारखा डोळा, तोंडाचा कोपरा आणि रेघ न् रेघ उठलेला कान. पांढुरका, धुरकट.

"आम्हाला वाटतं," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेरून कोणीतरी कान लावून ऐकतंय."

पालोबाच्या लक्षात आलं. इमारतीच्या कोपऱ्याला खांब पुढे आलेला होता. पाळणा तिथे पोचत नसे. शेवटची चार बोटं जागा पुसायची तर हेल्मेट मागे सारून, उजवा गाल काचेला टेकवून, डावा हात लांबवावा लागे. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. काच पुसायची, मग गाल टेकवून कोपरा काढायचा आणि खाली उतरायचं. वर बघायचं नाही. हातांना त्याने मोजे घातले होते, गालाला कोण मोजा घालतं?

"अहो, माझंच तोंड आहे हे," तो म्हणाला आणि हसायला गेला. "क्रीमचा डाग. पुसतो आता."

हसू अर्ध्यात राहिलं. चेहरा वडिलांचा होता. ते शेवटी अंथरुणावर कूस करून पडायचे तेव्हा असेच दिसायचे. आणि त्या चेहऱ्याला कानाच्या पुढे, अंगठ्याएवढं, भोक होतं. हेल्मेटच्या पट्ट्याची बारीक रेघ गालावरून वर गेली होती, ती त्याला समजली. भोक समजलं नाही. तिथे क्रीम नव्हतं, काच नुसती काच होती आणि तिच्यातून पलीकडचं आकाश दिसत होतं.

"खालीपण आहेत," बाई म्हणाल्या. "सगळ्या मजल्यांवर. आमच्यात बोलणं चालू असतं, आज तुमच्याकडचा काय ऐकतोय म्हणून."

पालोबा जिन्याने उतरला. अठरा, सतरा, सोळा. प्रत्येक मजल्यावर त्याच कोपऱ्यात तोच चेहरा, तोच कान, तेच भोक. लोक त्याला वाट करून देत होते. पंधराव्या मजल्यावर तो काचेच्या अगदी जवळ गेला. इथे भोक पूर्ण रिकामं नव्हतं. मध्यभागी एक तपकिरी ठिपका होता, खसखशीच्या दाण्याएवढा. चौदाव्यावर तो मोठा होता. तेराव्यावर ओघळला होता.

उतरता उतरता घासून घासून काहीतरी फुटलं होतं.

त्याने हात वर नेला. उजव्या कानापुढे बोट लागलं तेव्हा सँडपेपरवर लागावं तसं लागलं. दुखलं नाही, चुरचुरलं. आणि तेव्हा त्याला कळलं की रोज सकाळी दाराशी त्याचा हात कपाळ, नाक, गाल, कान करत फिरायचा आणि बरोबर या जागेला वळसा घालून जायचा. कोणी न सांगता. हाताला माहीत होतं. किती दिवसांपासून माहीत होतं, देव जाणे.

मागून कोणीतरी विचारलं, "रक्त आहे का हो ते?"

"पट्टा घासतो," पालोबा म्हणाला.

आवाज त्याचा नव्हता. म्हणजे त्याच्याच घशातून निघाला होता, पण ते ओठ, ती बेफिकिरी, शेवटच्या अक्षरावरची ती थोडी चीड त्याने वर्षानुवर्षं जेवणाच्या टेबलापलीकडून ऐकली होती. तो तसाच उभा राहिला. मग सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याने काचेतल्या स्वतःच्या डोळ्यांत बघितलं. काच काही बोलली नाही. डोळे घाबरलेले होते एवढंच.

ठसे त्याने पुसले नाहीत. मुकादमाला म्हणाला, "जोडीदाराला सांगा. मला घरी जायचंय."

"बरं नाही का?"

"ते बघायलाच चाललोय."

दुपारी पालोबाला दारात बघून आईने हातातली वाटी खाली ठेवली. तो स्वयंपाकघरात शिरला आणि सवयीने भिंतीकडच्या खुर्चीवर बसायला गेला. मग थांबला. उठला, खिडकीखालची खुर्ची ओढली आणि उजवी बाजू उजेडाकडे करून बसला.

"बघ," तो म्हणाला.

आई जवळ आली नाही. तिथूनच म्हणाली, "बघितलंय."

"कधी?"

"पाच महिने झाले."

"आणि बोलली नाहीस?"

"यांना बोलले होते," आई म्हणाली. "पहिल्याच वर्षी. डॉक्टरांना दाखवा म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते त्या भिंतीकडच्या खुर्चीवर बसायला लागले. ही बाजू भिंतीला. चार वर्षं मला दिसू दिली नाही. झोपायचेसुद्धा त्या कुशीवर." तिने पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. "तू पाच महिन्यांपूर्वी तिथे बसायला लागलास. मी विचारलं, का रे, तर म्हणालास, उजेड डोळ्यांवर येतो. अगदी तेच म्हणायचे ते. मग मी घाबरले. म्हटलं, बोलले तर हाही लपवेल. निदान क्रीम लावताना हात लागेल, स्वतःचं स्वतःला कळेल. सांगून कळत नाही तुमच्या घराण्याला."

पालोबाला असं काही म्हटल्याचं आठवत नव्हतं. खुर्ची कधी बदलली तेही आठवत नव्हतं. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, वडिलांच्या तेलकट केसांचा जुना डाग होता. त्याच्या शेजारी, दोन बोटं खाली, आणखी एक नवा डाग धरू लागला होता.

"चल," तो म्हणाला. "चप्पल घाल. दवाखाना पाचला उघडतो."

"आत्ता तीन वाजलेत."

"बाहेर बसू. घरात नको."

डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, फार काही बोलले नाहीत, आणि दोन दिवसांनी तो डाग कापून तपासायला पाठवला. अहवाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत आईने ती खुर्ची बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली आणि कोणी विचारलं तर तिचा पाय डुगडुगतो म्हणून सांगितलं. अहवालात वडिलांच्याच आजाराचं नाव होतं, पण डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला सापडलंय, मुळासकट सगळं निघालंय. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि ऊन अंगावर घ्यायचं नाही."

"कामच ते आहे," पालोबा म्हणाला.

"मग क्रीम, टोपी, मानेवर कापड. तिन्ही. आणि लावताना आरशात बघून लावा."

तो पुन्हा कामावर गेला. आता गाल टेकवायच्या आधी तो काचेवर कापडाची घडी धरतो, त्यामुळे चेहरे उमटत नाहीत. एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाई कधी आतून हात करतात, खिडकीजवळच्या खुर्च्यांवर माणसं परत आली आहेत. दर दोन तासांनी पाळणा थांबवून पालोबा कमरेची ट्यूब काढतो आणि समोरच्या काचेत बघून क्रीम लावतो. जोडीदार तोंड फिरवून बसतो, त्याला हे अजून अभद्र वाटतं.

दोन रेघा. कपाळ, नाक, गाल, कान. मग पालोबा मान डावीकडे वळवतो आणि व्रणावर मुद्दाम, दाबून, दोनदा बोट फिरवतो. काचेत वडिलांच्या चेहऱ्याचा एक उतारवयाचा माणूसही मान वळवतो. रोज तो किंचित उशिरा वळवतो असं पालोबाला वाटतं, लपवायची सवय असलेला माणूस वळवेल तसा. पालोबा थांबतो. त्याची ती बाजू नीट उजेडात येईपर्यंत वाट बघतो, आणि मगच पाळणा खाली सोडतो.