उज्जैनचे पाच दिवस, तीन मशिनं आणि एक रद्द फेरी

"मावशी, तुला फरशी घाण करता येते का?"

मृणालनं उज्जैनहून फोन करून हे विचारलं. मृणाल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सुमीची मुलगी. मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं लोकांनी केलेली घाण पुसली. आता करायची संधी देतेस तर सोडते की काय!" झालं. पिशवी भरली, जावेला सांगितलं कुंड्यांना पाणी घाल, आणि शिरपूरच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले.

काम असं होतं. मृणाल ज्या ऑफिसात आहे तिथे घरात वापरायची मशिनं तपासतात, त्यांना मार्क देतात, आणि लोक तो निकाल मोबाइलवर वाचून मग दुकानात जातात. या वेळी ओलं-सुकं दोन्ही उचलणारी मशिनं आली होती. म्हणजे झाडू आणि पोछा एकाच दांड्याला. पुढे फिरता ओला रोलर, एका टाकीत चांगलं पाणी, दुसरीत ओढलेली घाण. ती चालवायला तिला अशी बाई हवी होती जिनं असलं मशीन कधी हातात धरलेलं नाही, पण फरशी ओळखते. आणि या निकालाखाली पहिल्यांदाच तिचं एकटीचं नाव येणार होतं. आतापर्यंत साहेबाचं यायचं. "हे बिघडलं ना, तर पुढचं काम मला नाही मिळणार," असं ती म्हणाली होती.

मी ते ऐकलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, "उज्जैनला परीक्षक म्हणून चालले आहे." सत्तावीस जणांनी हात जोडले.

ज्यांना जायचंय त्यांना रस्ता सांगते. आमच्याकडून आग्रा रोडनं सरळ इंदूर. सेंधव्याला चहा घ्या, जेवण नको. खलघाटाला नर्मदेचा पूल येतो तेव्हा खिडकीकडे बसा, बाकीचा वेळ नाही बसलात तरी चालेल. पाच-सहा तास लागतात. इंदूरला गाडी बदला, उज्जैनच्या बस सारख्या सुटतात, त्या नानाखेड्याच्या स्टँडला सोडतात. शेवटच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "माताजी, अकेली हो?" मी म्हटलं, "अकेली कहाँ, तूने साठ लोग भर रखे हैं।" पुढचा तासभर तो मला 'आओ माताजी, बैठो माताजी' करत होता. जागा मात्र दिली नाही.

सुमीचं घर नानाखेड्यातच, कॉलनीत. तिचे सासरे, राज्यं नव्यानं आखली त्या काळात, सरकारी नोकरीवर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठीच बोलतात, पण अशी की अर्धी पिशवी हिंदीची. मी चप्पल काढते न काढते तोच सुमी म्हणाली, "ताई, तू तर एकदम दुबळी झालीस गं!" मी सत्तर किलोची आहे. बहिणीनं एवढं खोटं बोललंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पोहे. उज्जैनला गेलात आणि आठनंतर उठलात तर घरी परत या, उपयोग नाही. वाफेवरचे पोहे, वर शेव, कच्चा कांदा आणि जीरावन म्हणून एक आंबटतिखट मसाला. वीस-पंचवीस रुपयांत प्लेट. सोबत जिलबी. मी आधी नाक मुरडलं, मग दोन प्लेटी खाल्ल्या.

मग रिक्षानं टावर चौकात. भाडं बसायच्या आधी ठरवा, यात्रेकरू दिसलात की दुप्पट सांगतात. मृणालचं ऑफिस चौकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. आत जाऊन बघते तर हॉलमध्ये तीन तऱ्हेच्या फरश्यांचे तुकडे बसवलेले: एक गुळगुळीत टाइल, एक कोटा दगडाची, एक जुन्या घरात असते तशी सांधेवाली. प्रत्येकीवर पट्टी चिकटवून चौकोन आखलेला. मशिनांच्या नावांवर कागद लावून फक्त नंबर ठेवलेले, म्हणजे नाव बघून कुणाचं मन झुकायला नको. मी लगेच बारसं उरकलं. एक नंबर जड आणि काळं, ती म्हैस. दोन नंबर चकचकीत, दिवे लावून इंग्रजीत बोलणारं, तो नवरदेव. तीन नंबर इतकं ओरडायचं की ती विहीण.

मृणालनं मार्कांचा तक्ता दाखवला. कोणत्या गोष्टीला शंभरातले किती, ते. आवाजाला पंधरा, दिसण्याला दहा, कडा-कोपऱ्यांना पाच.

"कोपऱ्याला पाच? अगं, घाण राहते कुठे, फरशीच्या मधोमध बैठक मारून?"

"मावशी, सगळे असंच देतात."

"सगळ्यांच्या घरी मोलकरीण असेल."

ती हसली, पण पेन उचललं. दिसण्याचे दहा काढले, कोपऱ्याला दिले. म्हणाली, "आत्ताच बदलता येतं. एकदा तपासणी सुरू झाली की तक्त्याला हात नाही लावायचा, नाहीतर आवडत्या मशीनच्या हिशोबानं तक्ता बनतो." मी सातवीपर्यंत गावच्या शाळेत शिकले. आमचे हे मास्तर होते, पेपर ते तपासायचे आणि बेरीज मी करायचे. पुष्कळ पोरं माझ्या बेरजेवर पास झाली आहेत. त्यामुळे पोरीचं हे बोलणं ऐकून मी जरा खालीच बघितलं.

मग दोन दिवस नुसती धमाल. वजनकाट्यावर मोजून रवा, तांदूळ आणि शेवेचा चुरा चौकोनात पसरायचा, मशीन दोनदा फिरवायचं, मागे उरलेलं गोळा करून परत तोलायचं. वरण सांडून तीन तास वाळवायचं, मग किती वेळा ढकलल्यावर निघतं ते मोजायचं. भिंतीलगत मशीन नेऊन किती बोटं जागा कोरडी राहिली ती पट्टीनं मोजायची. रोलरला केस किती गुंडाळतात ते बघायला सुमीच्या कंगव्यातले केस आणले. "माझे केस आता इंटरनेटवर जाणार!" म्हणून ती ठसक्यात होती. रात्रभर घाण पाण्याची टाकी बंद ठेवून सकाळी उघडून वास घ्यायचा, त्याचेही मार्क. विहिणीच्या टाकीपाशी मी नाक नेलं आणि मला जिलबी आठवायची बंद झाली. प्रत्येक गोष्ट तीन-तीन वेळा करायची, मग सरासरी.

सगळ्यात महत्त्वाची परीक्षा पाण्याची. मशीन फिरवल्यावर फरशी किती ओली राहते? कोरडा टिपकागद आधी तोलायचा, चौकोनावर दहा सेकंद दाबायचा, परत तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढं पाणी मागे राहिलं. मृणालनं बजावलं होतं, "मशीन उचललं की कागद दाबेपर्यंत फरशीला कोणीही हात नाही लावायचा. बिलकुल नाही."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची फेरी होती, कोट्यावर, नवरदेवाची. तोवरचे मार्क तिघांचेही जवळजवळ सारखेच होते, नवरदेव आणि म्हैस जरा पुढे. मी मशीन फिरवून बाजूला ठेवलं आणि मृणालला साहेबाचा फोन आला, ती दारात गेली. परत आली, कागद दाबला, तोलला आणि ओरडलीच, "मावशी, बघ! एकदम कोरडी! दोन नंबर पहिला!" साहेबांना कळवून टाकलं, उद्या अकराला निकाल पाठवते.

त्या आनंदात आम्ही खाली टावर चौकात गेलो. संध्याकाळी तिथे खाण्याच्या गाड्यांची झुंबड असते. साबुदाण्याची खिचडी घ्या, इथे तिच्यावरही शेव घालतात, तक्रार करू नका. सुमीही घरून आली. खाता खाता ती म्हणाली, "ताई, पदराला काय पुसलंस? हळद लागली आहे."

मी बघितलं. पदराचं टोक ओलं, पिवळं. आणि मग मला आठवलं. फोनवर बोलायला पोरगी दारात गेली तेव्हा नवरदेवानं मागे एक ओला, वरणाचा पिवळसर फराटा ठेवला होता. आणि मी काय केलं? खाली वाकले, पदरानं पुसून टाकला. ठरवून नाही. मला कळलंच नाही. ओली फरशी दिसली, हात गेला.

आता आली का पंचाईत! सांगावं तर दोन दिवसांचं काम माझ्यामुळे पाण्यात. न सांगावं तर कुणाला कळणार होतं? मी परवा निघून जाणार. पण लोक तो निकाल वाचून मशीन घेणार, घरी नेऊन फरशीवर फराटे बघणार, आणि खाली नाव कुणाचं? मृणालचं. सुमी म्हणाली, "आज तू गप्प? तब्येत तर ठीक आहे ना?" मी म्हटलं खिचडी तिखट आहे.

सकाळी पोह्यांच्या गाडीवर मी सांगून टाकलं.

"मावशी! मी बोलले होते ना, हात नाही लावायचा?"

"बोलली होतीस."

"मग?"

"हातानं ऐकलं नाही गं."

ती चिडली, खरंच चिडली. प्लेट ठेवून दिली आणि चालायला लागली. मी तिच्यामागे, दोन्ही जिलब्या कागदात गुंडाळून. ऑफिसच्या जिन्यात ती थांबली आणि म्हणाली, "एकच फेरी नाही, कोट्यावरच्या पाण्याच्या तिन्ही मशिनांच्या सगळ्या फेऱ्या परत. नाहीतर एकाला ताजी फरशी आणि दुसऱ्याला शिळी, असं होईल." म्हणजे नऊ फेऱ्या. साहेबाला फोन करून संध्याकाळपर्यंत वेळ मागितला. मशीन मीच ढकलायचं, कारण हात बदलला तर पकड बदलते. पण मशीन उभं केलं की तिनं माझ्या दोन्ही हातांत घड्याळ धरायला दिलं. "हे धरून ठेव. दोन्ही हातांनी."

नवरदेवानं परत फराटा ठेवला. तिन्ही वेळा. माझे हात असे शिवशिवले म्हणून सांगू! पण घड्याळ सोडलं नाही. चारपर्यंत निकाल लागला: म्हैस पहिली, विहीण दुसरी, नवरदेव तिसरा. वरात परत.

मग साहेबाचा फोन आला, स्पीकरवर. निकाल त्यांना आवडला, पण शेवटी मृणालनं एक ओळ लिहिली होती: कोट्यावरची पहिली मोजणी रद्द केली आहे, कारण परीक्षकानं मोजण्याआधी फरशी पदरानं पुसली.

"अरे मृणाल, ये लिखने की क्या ज़रूरत है? दोबारा कर लिया, बात खतम."

"सर, नाम मेरा जा रहा है ना?"

"हाँ, तो?"

"तो ये लाइन भी जाएगी।"

घड्याळ अजून माझ्या हातातच. मग साहेब म्हणाले, "ठीक है। अगली मशीनें भी तुम ही देखना।" फोन ठेवला, आणि पोरगी सकाळच्या थंड जिलब्या एकटीच खाऊन गेली. मला एक तुकडा दिला नाही. बरोबरच आहे.

पाचव्या दिवशी पहाटे महाकालला जाऊन आलो. सोमवार टाळा, आणि उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, फरसबंदी तापते. दहाच्या बसनं निघाले, दिवे लागायच्या वेळी शिरपूर.

मशीन घेणाऱ्यांसाठी सांगते, दुकानात चमक बघू नका. वरण सांडा आणि फिरवायला लावा, मग अनवाणी उभ्या राहा. दुकानदार नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

घरी आल्यावर तो निकाल मी तालुक्याला छापून आणला आणि येईल त्याला दाखवते. ग्रुपवर पण टाकला, त्या ओळीसकट. काल जावेनं चष्मा लावून तीनदा वाचला. म्हणाली, "अहो वहिनी, परीक्षक म्हणून मिरवत गेलात, यात तुमचं नाव कुठेच नाही. उलट चूकच लिहिली आहे!"

मी म्हटलं, "नाव आमच्या मृणालचं आहे. पदर माझा आहे. नीट वाच, चौथ्यांदा."