मिसेस हॉलिस यांचा प्रश्न

"यादी तूच वाच," केन माझ्या कानाशी पुटपुटला. टाउन हॉल भरला होता. लोक भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्या हातात एकोणीस माणसांची नावं होती.

केन म्हणजे आमच्या काउन्सिलचा सिटी इंजिनियर, माझा बॉस. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या एका उपनगराची ही नगरपालिका. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईहून येऊन मला तीन वर्षं झाली होती. रस्ते आणि ड्रेन्स माझ्याकडे होते.

त्या वर्षी बजेट जुळत नव्हतं. एक तर रेट्स वाढवायचे, म्हणजे आपली घरपट्टी. नाहीतर रस्त्यावर काम करणाऱ्या आउटडोअर गँगला हिवाळ्यात सहा आठवडे स्टँड डाउन करायचं. त्यात नोकरी जात नाही, पण तेवढे दिवस काम नाही आणि पगारही नाही. काउन्सिलरांना हे सोपं वाटत होतं. गँगमधले बहुतेक दुसऱ्या उपनगरांत राहायचे. त्यांची मतं इथली नव्हती.

गँगमधल्या कोणाला घरी बसवायचं, ती यादी मी केली. तीन दिवस लागले. गँगचा फोरमन व्हिटो रोज सकाळी मला कॉफी आणून द्यायचा. त्या तीन दिवसांतही त्याने ती आणून दिली.

बजेट मंजूर करण्याआधी रहिवाशांचं म्हणणं ऐकायचं होतं, म्हणून ही सभा. मी नावं वाचली. मागच्या रांगेत गँग बसली होती, अंघोळ करून, केस विंचरून. आपलं नाव आलं की एकेकजण मान हलवायचा, शाळेत हजेरी दिल्यासारखी.

काही दुकानदार रेट्सविरुद्ध बोलले. मग मिसेस हॉलिस उठल्या. सत्तरीच्या, एकट्या, पेन्शनवर जगणाऱ्या. रेट्स वाढले तर सर्वांत जड त्यांनाच जाणार होतं. काउन्सिलर सरसावून बसले. त्या मात्र माझ्याकडे वळल्या.

"मिस्टर परेरा, ही यादी तुम्ही केलीत?"

"हो."

"त्यात तुमचं नाव ऐकलं नाही मी. राहून गेलं का?"

लोक हसले. मेयर म्हणाले, "अधिकाऱ्यांनी उत्तर द्यायची गरज नाही."

सुटलो असतो. पण व्हिटो माझ्याकडे बघत होता.

"राहून नाही गेलं," मी म्हणालो. "ऑफिस स्टाफचा विचारच झाला नाही."

"का?"

"यादी आम्हीच करतो, म्हणून."

घरी दोन लहान मुली होत्या, आणि मी चारचौघांत बॉसला तोंडघशी पाडलं होतं.

केन उठला. "मिसेस हॉलिस यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "माझं नाव सर्वांत वर लिही."

मग लायब्ररीची प्रमुख उठली, "माझंही लिहा" म्हणाली. तिच्यामागून अकाउंट्सचे दोघं. मिसेस हॉलिस अजून उभ्याच होत्या. "मग माझे रेट्सही थोडे वाढवा," त्या म्हणाल्या. "सगळं काय यांच्याच पगारातून काढायचं?" आणि बसल्या.

वसईकडच्या नगरपालिकेतही मी नोकरी केली होती. तिथे लोक अर्ज घेऊन साहेबाच्या दाराबाहेर तासन्‌तास उभे असत, आणि आत पंख्याखाली बसलेल्यांत मीही होतो. इथे एका म्हातारीने आवाजही न चढवता सगळं काउन्सिल हलवलं होतं. नावांचा कागद मी खिशात घातला.

दोन आठवड्यांनी बजेट मंजूर झालं. रेट्स थोडे वाढले, गँगचा स्टँड डाउन रद्द झाला. केनपासून झाडूवाल्यापर्यंत प्रत्येकाने वर्षातून चार दिवस बिनपगारी घ्यायचे, आपल्या सोयीने. विरोधात दोन मतं पडली. त्यातला एक काउन्सिलर पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही. केन त्या उत्तराबद्दल कधीच काही बोलला नाही. फक्त पुढच्या वर्षी बजेटच्या पहिल्या मीटिंगला त्याने व्हिटोलाही बोलावलं.

त्यानंतर मी बरीच बजेटं मांडली. सभेला जाताना आकडे पाठ असावेत हे खरं. पण त्या आकड्यांत आपण कुठे बसतो, हे आधी बघून जावं. कोणीतरी विचारतंच.