बोटं कोणाची, ते लिहा

डॉक्टर वजीरसाहेबांच्या साठीच्या गौरवाच्या पुस्तकात दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईनंही लिहावं, असं मंडळींनी ठरवलं. तेव्हा शुद्धलेखनाला नाक मुरडू नका.

साहेबांची नि माझी पहिली गाठ नेकनूरच्या सरकारी दवाखान्यात पडली. मी आया म्हणून लागले, त्या दिवशी देवी टोचायला धडधाकट लेकरं आणलेली. साहेब एकेकाचं अंगडं उतरवून टाळू, डोळे, छाती, पोट बघत आणि वहीत मांडत. मी म्हणाले, "दुखणं न्हाई त्याला कावून तपासायचं? बाहेर रांग लागलीय."

साहेब म्हणाले, "दुखणं दिसायच्या आधीच गाठायचं असतं, सखूबाई." एखादं लेकरू पोटाला हातच लावू देत नसलं, तर ते 'पाहिलं नाही' असं लिहीत. 'ठीक' कधी लिहीत नसत.

पुढं त्यांनी मला पानथरी, म्हणजे साहेबांच्या भाषेत प्लीहा, चाचपायला शिकवलं. हिवतापानं ती डाव्या बरगडीखाली उतरते. किती बोटं उतरली, ते वहीत लिहायचं.

एकदा साहेब आष्टीला गेलते. नांदूरघाटच्या चंद्रभागाबाई दीड वर्षाच्या नातीला घेऊन आल्या. वहीत साहेबांचं 'तीन बोटं' होतं, हिवतापाचं कडू कोयनेल चालू होतं. मला चार लागली. मी चार लिहिलं आणि बोलूनही गेले, "वाढलीय की."

"म्हंजे तुमच्या कडू औषधानंच पोट फुगलं," बाई म्हणाल्या. "आता थेंब देणार न्हाई." निघूनच गेल्या.

दोन दिवसांनी साहेब परतले. त्यांनी वही वाचली, माझा हात टेबलावर ठेवायला लावला, शेजारी आपला ठेवला. त्यांची बोटं जाड, माझी म्हणजे काटक्या. साहेबांनी लगेच गाडी जुंपायला सांगितली.

नांदूरघाटला पोर तापानं फणफणलेली. साहेब माझं नाव सांगतील, म्हणून मी मान खाली घालून उभी. ते म्हणाले, "आजी, चूक दवाखान्याची आहे. पोट वाढलेलं नाही, मोजणारा हात बदलला."

"म्हातारीला गुंडाळता व्हय?"

साहेबांनी दोघींसमोर पोट चाचपलं. त्यांची अडीच बोटं. मग मला लावायला सांगितलं. माझी चार. बाईंनी दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. "आणा ते औषध," म्हणाल्या, "पण ह्या बाईला बारीक बोटांची म्हणून लिवून ठिवा."

तसंच लिहिलं गेलं. तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी हात कोणाचा, तेही असतं. सरकारी वहीत साहेबांनी आपल्या उर्दू अक्षरात माझं नाव घातलं, याचा मला अजून ताठा आहे. दोन महिन्यांनी त्या पोरीची पानथरी दोघांच्याही हाताला लागली नाही.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो. कंबर ताठ राहो, नजर तेज राहो, आणि हात असेच ऊन राहोत. गार हात लागला की लेकरू पोट आवळतं, मग आतलं काहीच कळत नाही.