माघ्या पाटलाचा भात

साखरशेतात ढेरी असलेला माणूस एकच होता, माघ्या पाटील. बाकीच्यांची पोटं पाठीला चिकटलेली. माघ्याचं पोट मात्र त्याच्या दोन पावलं पुढे चालायचं आणि गाव त्याला वाट करून द्यायचं.

हे पोट काही एका दिवसात आलं नव्हतं. जव्हार संस्थानचा कुणी अंमलदार गावात उतरला, की घराघरांतून तांदूळ, गूळ, कोंबड्या गोळा करायचं काम पाटलाचं. अंमलदार झाला तरी माणूसच, खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं संपवायची जबाबदारी माघ्यानं दरबाराची सेवा म्हणून आपल्या अंगावर घेतली होती. गाव नागलीच्या भाकरीवर आणि पातळ पेजेवर दिवस काढायचं, माघ्याच्या ताटात दोन्ही वेळेला पांढरा भात. तो भात रचायची त्याची बायको पोशी. "पोशीनं नवरा काय पोसलाय बघ," असं पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, आणि हंडा डोक्यावर असूनही पोशीची मान जरा ताठ व्हायची.

एका उन्हाळ्यात माघ्याला तहान लागू लागली. उन्हाळा म्हणजे तहान लागायचीच, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. पण पाणी आणणारी पोशीच असल्यामुळे तिच्या लक्षात आलं. पहिल्यांदा एक हंडा वाढला, मग दुसरा. माघ्या प्यायचा आणि उठून कुंपणाकडे जायचा, यायचा आणि पुन्हा प्यायचा. काही दिवसांनी त्या कुंपणाच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागली.

ती रांग पहिल्यांदा माघ्यानंच पाहिली, आणि त्याचा आनंद मावेना. त्यानं चार माणसं बोलावून आणली.

"बघा! माझं पानीबी गोड. तुमच्या कुंपनाला मुंगी तरी फिरकते का?"

माणसांनी वाकून पाहिलं. पंचांतला सगळ्यांत थोर असलेला बुधा म्हातारा बराच वेळ वाकून राहिला, मग कमरेवर हात ठेवून सरळ झाला. "पाटलावर कणसरी राजी हाय," त्यानं निकाल दिला. कणसरी म्हणजे धान्याची देवी. "खाल्लेलं अंगात मावत नाय, म्हनून उतू जातंय."

देवी राजी असलेल्या माणसाच्या मानेवर मग गळवं उठली. पोट रिकाम्या पोत्यासारखं लोंबू लागलं. दुप्पट खाऊनही तो वाळत चालला. पोशीनं भात वाढवला, वर गूळ घातला, तो आणखी वाळला. शेवटी तिनं बैलगाडी जुंपायला लावली आणि त्याला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. माघ्या काही कुरकुर न करता गेला. तिथल्या शिकलेल्या डॉक्टरांना आपल्या मुंग्यांची गोष्ट सांगायची त्यालाही हौस होती.

डॉक्टरांनी त्याचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात निळं औषध ओतलं आणि नळी दिव्यावर धरली. पोशी डोळे ताणून बघत होती. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि बघता बघता विटेच्या रंगाचा चिखल तळाशी बसला.

"पाटील, तुमच्या लघवीतून साखर जाते," डॉक्टर म्हणाले.

"जाते ना!" माघ्यानं छाती पुढे काढली. "गाव बघायला येतो."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अहो, हा रोग आहे. मधुमेह म्हणतात. तिकडे मुंबईला शेठलोकांना होतो."

शेठलोकांचं नाव ऐकून माघ्या आणखीच ऐसपैस बसला. पोशीनं विचारलं, "मंग औषध द्या."

"औषध नाही, बाई. या कपाटातली एक बाटली याला चालत नाही. भात, भाकरी, गूळ, कंदमुळं, ताडी, जे जे पोटात गेल्यावर साखर होतं ते तोडायचं. याच्या अंगाला ती साखर पचत नाही. पाला खायचा, अंडी, मासे, कोंबडी, ताक, हे चालेल. सकाळी अर्धी नागलीची भाकर, संध्याकाळी अर्धी. बस."

"आनि भात?" माघ्यानं विचारलं.

"भात नाही."

"सनाला?"

"सणाला मूठभर."

"कोनाची मूठ?" असं म्हणून माघ्यानं आपला सुपाएवढा पंजा पसरून दाखवला.

डॉक्टरांनी पोशीकडे पाहिलं. "हिची," ते म्हणाले.

त्यांनी माघ्याला काही दिवस तिथेच ठेवून घेतलं. उकडलेल्या पाल्याच्या पाण्याशिवाय त्याच्या तोंडात काही पडू दिलं नाही. त्यानं देवाच्या नावानं शंख केला, पण एके सकाळी नळीतलं निळं तापवूनही निळंच राहिलं. डॉक्टरांनी ते पोशीला दाखवलं. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तो रंग तिनं वाचला.

घरी येईतो पाऊस सुरू झाला होता आणि रान पोशीच्या बाजूनं उभं राहिलं. टाकळा आला, कुर्डू आला, बांबूचे कोंब आले. ती ओढ्यात उतरून खेकडे धरायची, शेजारणीकडून अंडी मागून आणायची. अर्धी भाकर मोडताना मात्र ती माघ्याकडे पाठ करायची, कारण त्याचा चेहरा पाहिला तर हात चुकेल अशी तिला भीती वाटायची. स्वतःचा घास घ्यायची वेळ आली की ती थाळी घेऊन गोठ्यात जायची. समोर बसून भात खाणं तिच्यानं होईना.

गळवं सुकली. तहान आटली. माघ्या चढ चढताना थांबेनासा झाला. आणि एक दिवस तो कुंपणाशी उभा राहून खालच्या मातीकडे टक लावून बघत राहिला.

"मुंग्या गेल्या," तो म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा आवाज होता.

तेव्हापासून तो दारोदार जाऊन ओट्यांवर बसू लागला. "मना पाला चारते, बैलाला चारतात तसा. बैलाला निदान कोंडा तरी असतो!" असं सांगताना त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. गावाला गलबलून यायचं. ज्यांच्या घरी पावसाळाभर टाकळ्याशिवाय काही शिजलं नव्हतं, तेही पाटलाला टाकळा खावा लागतो म्हणून हळहळले.

सगळ्यांत जास्त हळहळली त्याची बहीण लाडकी. ती गावातच दिली होती. एक दिवस भावाची विचारपूस करायला ती मागच्या बाजूनं आली आणि गोठ्याच्या दारात थबकली. आत पोशी भात खात बसली होती.

"वयनी!" लाडकी ओरडली. "दादाला पाला आनि तू इथं लपून भात खातंस?"

पोशीनं सांगायला तोंड उघडलं, तर तोंडात घास. तेवढं लाडकीला पुरलं. संध्याकाळपर्यंत गोठ्यातल्या मूठभर भाताचं गावात पातेलं झालं होतं.

दिवाळी उलटली, नवं भात घरात आलं, आणि गावदेवीच्या झाडाखाली पंच बसले. पोशीला उभं केलं. माघ्या एका बाजूला मांडी घालून, शक्य तितका वाळलेला दिसायचा प्रयत्न करत बसला होता.

"पोशे," बुधा म्हणाला, "पाटील काय तुझ्या एकटीचा हाय? त्याचं पोट उतरलं तर गावाची आब उतरली."

"डाक्टरनं सांगितलंय. त्याला भात म्हंजे ईख."

"डाक्टर साखरशेतचा हाय का? आपल्या बापजाद्यांनी भात खाल्ला, कोन मेला?"

बापजाद्यांपैकी एकही जिवंत नव्हता, पण हे पंचांना सुचलं नाही. नवऱ्याला उपाशी मारल्याबद्दल पोशीनं जातीला एक बोकड द्यावा आणि नवऱ्याला पोटभर भात घालावा, असं ठरलं. लाडकीनं पदरानं डोळे पुसले.

 चिखलात पाय रोवून धरलेले खेकडे पोशीला आठवले, त्यांनी फोडलेली बोटं आठवली.

"बोकड गोठ्यात हाय, सोडून न्या," ती म्हणाली. "आनि ह्यालाबी न्या. मी उपाशी मारते असं ज्याला वाटतं, त्यानं आपल्या घरी बसवून घालावं. माझ्या हातानं मी त्याला ईख घालनार नाय."

ती रागानं बोलली होती. तिला वाटलं, पंच नको म्हणतील, निदान नवरा तरी म्हणेल. पण पाटलाला घरी जेवायला घालणं हा मान होता, आणि पंचांना तो मोठा वाटला. माघ्या तर उठून उभा राहिला, धोतर झाडलं आणि बुधाच्या मागून चालू लागला. वळणावर तरी तो मागे बघेल म्हणून पोशी उभी राहिली. त्यानं बघितलं नाही.

घराघरांच्या पाळ्या लागल्या. पहिल्या पाळीला बुधाच्या घरी नव्या तांदळाचा भात, उडदाचं वरण, वर गुळाची खीर. दुसऱ्या घरानं खीर दोनदा केली. तिसऱ्यानं ताडीची मडकी उतरवली. मुंग्या परत आल्या, आणि ज्याच्या त्याच्या कुंपणाला आल्या. घरधनी त्या पाहुण्यांना दाखवू लागले.

पण पाटलाला नुसता भात लागत नव्हता. पाणी लागत होतं. बुधाच्या सुना झऱ्यावर खेपा घालून थकल्या. "पाटील हाय का रेडा?" एक सून पोशीला ऐकू जाईल अशी म्हणाली. पोशीनं हंडा बुडवला आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

ते हसू टिकलं नाही. एकदा झऱ्याच्या वाटेवर माघ्या समोरून आला. पोट पुन्हा लोंबत होतं, गाल बसले होते. तो पाऊल टाकी तिथे मातीवर ओले काळपट ठिपके उमटत होते.

"पाय बघू," पोशी म्हणाली.

काटा कधी मोडला होता कुणास ठाऊक. अंगठा आणि शेजारचं बोट सुजून काळं पडलं होतं.

"दुखत नाय का?"

"अजिबात नाय," माघ्या अभिमानानं म्हणाला.

पोशीनं त्याचा दंड धरला. "चल घरी. आताच्या आता."

माघ्या घुटमळला.  "उद्या येतो," तो म्हणाला. "आज खीर हाय."

त्यानंतर पायाला वास येऊ लागला, आणि वासाबरोबर गावाची माया पातळ झाली. एका घरात सून बाळंत व्हायची होती, दुसऱ्याचं छप्पर गळू लागलं, तेही भर थंडीत. पाळ्या आखडत आखडत पाटील लाडकीच्या दारात येऊन ठेपला. बहिणीनं काही दिवस नाकाला पदर लावून भाऊ सांभाळला, मग ती बुधाकडे गेली. दुसऱ्या सकाळी चार माणसांनी माघ्याला बांबूच्या डोलीतून आणून पोशीच्या अंगणात ठेवलं. तो तापानं फणफणला होता.

"बायकोनं नवऱ्याला असं टाकू नये," बुधा म्हणाला. "बरं दिसत नाय."

पोशीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पंचांकडे. आणलात तसा परत न्या, असं म्हणायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. माघ्यानं डोळे उघडले. यावेळी तो भात मागेल म्हणून तिनं दात आवळले, पण त्यानं फक्त तिचं नाव घेतलं.

"झाडाखाली चला," ती पंचांना म्हणाली. "मना बोकड लावलात तिथंच उभं राहून बोला. ह्याच्या हातावर जो भाताचं शीत ठेवील, त्याला बोकड."

"पोशे, पंचांना अशी अट घालतात का?"

"मंग डोली उचला."

बुधानं इकडे तिकडे पाहिलं. वारा पायाकडून त्याच्याच बाजूला वाहत होता. पंच झाडाखाली गेले.

दवाखान्यात डॉक्टरांनी अंगठा आणि शेजारचं बोट काढून टाकलं. आणि मग त्यांनी पोशीलाच फैलावर घेतलं, कारण समोर तीच उभी होती. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं. तिचं लक्ष दिव्यावरच्या नळीकडे होतं. विटेचा रंग उतरून निळा यायला या खेपेला फार दिवस लागले. जखम त्याहून हळू भरली, पण भरली.

माघ्या काठी टेकत घरी आला. सुधारला असं कुणी म्हणू नये. एकदा त्याच्या मुंडाशात उकडलेलं रताळं सापडलं, एकदा तो शेजारच्या पोराच्या वाटीतली पेज पिताना धरला गेला. पोशी बोलायची नाही, फक्त त्या दिवशी संध्याकाळची भाकर द्यायची नाही. असं करत तो पुष्कळ पावसाळे जगला. बुधाला त्यानं खांदा दिला.

गावात मात्र पाटील कसा वाचला, हे ठरून गेलं होतं. पाय बरा झाल्यावर लाडकी सांगू लागली, मी हिरव्या देवाला कोंबडी बोलले होते, म्हणून माझा दादा उठला. हे सगळ्यांना पटलं. बायकोनं पाला चारून माणूस बरा होतो, यापेक्षा हे पटायला सोपं होतं. नवसाच्या दिवशी सगळे जमले, लाडकीला शाबासकी मिळाली, आणि दोन बायका पोशीला ऐकवून बोलल्या की माणूस बायकोमुळे नाही, बहिणीमुळे जगतो.

पोशी नणंदेजवळ गेली. लाडकी जरा मागे सरली.

"बरं केलंस," पोशी म्हणाली. "दर महिन्याला एक नवस बोलत जा. कोंबडी त्याला चालते."

आणि कुणी भाताचं पातेलं उघडायच्या आत तिनं कोंबडीच्या रश्शाचं मडकं उचलून नवऱ्याच्या पुढे ठेवलं.