बळवंतरावांना हळूच सुचवायचं होतं

आमच्या कट्ट्यावर किस्से जमवावे लागत नाहीत. रानातून फिरून आल्यावर पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात, तसे ते घरी आल्यावर सापडतात. आम्ही तिघं निवृत्त प्राध्यापक. बळवंतराव इतिहासाचे, कादरीसर उर्दूचे आणि मी मराठीचा. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्यावर एका हॉटेलाबाहेर रोज संध्याकाळी चहाला बसतो. माझे बहुतेक किस्से एकाच शब्दापाशी येऊन अडतात आणि प्रत्येकात हसं माझंच होतं. तरी सांगतो. सांगावेत की नाही, हे अजून ठरलेलं नाही.

शब्द आहे 'सूतोवाच'. पुराणात सूत कथा सांगायला बसतो, 'सूत उवाच' असं येतं आणि आता पुढे काहीतरी घडणार हे ऐकणाऱ्याला कळतं. म्हणून पुढच्या गोष्टीचा आधी अलगद उल्लेख करणं, म्हणजे सूतोवाच. घोषणा नव्हे, भविष्य सांगणं तर नव्हेच. हे मी जन्मभर शिकवलं. परवा पेपरात आलं, 'नव्या पुलाचे सूतोवाच'. खाली मंत्र्यांचं पुलाबद्दलचं अख्खं भाषण. मी न राहवून पेपरच्या ऑफिसला फोन लावला.

"अहो, ही तर सरळ घोषणा आहे."

उपसंपादक नम्र होता. "बरोबर आहे सर. पण 'घोषणा' लिहिलं की लोक तारीख विचारतात."

फोन ठेवला आणि दुपारभर वाटत राहिलं, त्याचंच बरोबर असेल.

*

सूतोवाच मला समजतं, पण शब्दकोशात. माणसानं केलं की समजत नाही.

लातूरला नोकरीत असताना प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. एवढ्यावर दुसरा कुणीही सावध झाला असता.

"सर, धर्माबादला मिरची फार चांगली मिळते म्हणतात."

"हो, नावाजलेली आहे. आणायची का तुमच्यासाठी?"

त्यांनी ड्रॉवरमधून बदलीची ऑर्डर काढली. आमच्या संस्थेची एक शाखा धर्माबादला होती.

"आणा. आता रोजच आणा."

*

तरीही लोक सूतोवाचासाठी मलाच पुढे करतात. मराठीचा माणूस, गोड बोलेल, असा सगळ्यांचा समज.

बळवंतरावांना पुतण्यासाठी देवणीकडची एक मुलगी मागायची होती. ते मला घेऊन गेले. "सर, एकदम विषय काढायचा न्हाई. तुम्ही जरा सुरुवात करून द्या."

मी सुरुवात केली. देवणीच्या गुरांवरून मी घराण्यावर आलो, घराण्यावरून गुणांवर, गुणांवरून चांगली गोष्ट चांगल्या घरी जावी, यावर. यजमान मान डोलवत होते. मध्येच उठले, गोठ्यात गेले आणि दावणीचा गोऱ्हा सोडून माझ्यासमोर आणून उभा केला.

"बघा सर. दात बघून घ्या."

बळवंतरावांनी कपाळावर हात मारला. "पाहुणे, गोऱ्हा न्हाई. पोरगी मागायला आलो."

लग्न तिथल्या तिथे जमलं. परतताना बळवंतराव म्हणाले, "सर, तुम्ही अजून थोडं बोलले असते तर गोऱ्ह्याचंबी जमलं असतं."

*

आता या बळवंतरावांचंच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं होतं. वाढदिवसाच्या बॅनरवरच्या पुढाऱ्याला त्यांनी हात केला आणि "नुसता हसून राहिला, वळख दाखवंना, लई माज आलाय" म्हणून कट्ट्यावर येऊन चिडले. यात हसण्यासारखं असतं तर बरं होतं. पण ते स्कूटर चालवतात आणि नातीला ट्यूशनला रोज तेच सोडतात.

एक दिवस त्यांच्या मिसेस घरी आल्या. डोळ्यांत पाणी होतं. "भाऊजी, मी सरळ सांगितलं तर गाडी काढून आणखी लांब जातील. एखाद्या दिवशी पोरीला घेऊन कुठं धडकतील. तुम्ही हळूच सुचवा."

मी लातूरला बायकोला फोन केला. ती लेकीकडे गेलेली. म्हणाली, "त्यात काय सुचवायचं? दिसत नाही, गाडी ठेवा, म्हणा. सरळ बोलायला तुम्हाला डॉक्टरेट आडवी येते का?"

येते. काय करू?

*

दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर म्हणालो, "हल्ली उजेड कमी झाल्यासारखा वाटतो, नाही?"

"व्होल्टेजच न्हाई," बळवंतराव म्हणाले.

पुढच्या दिवशी मी म्हणालो, "आपल्या वयात डोळे तपासून घेतलेले बरे. भीती वाटते, पण आता ऑपरेशन अगदी सोपं असतं म्हणे."

बळवंतरावांनी कादरीसरांकडे पाहिलं. कादरीसर हळूच म्हणाले, "सर बोलते नहीं, इशारा करते."

मला वाटलं, जमलं. रात्री शांत झोप लागली.

सकाळी दारात स्कूटरचा हॉर्न. बळवंतराव.

"बसा सर. डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली तुमची. एवढं मनात ठेवून कशाला कुढत बसायचं? मी हाय ना."

मी 'माझी नाही, तुमची' म्हणायला तोंड उघडलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारीख खरंच पुसट दिसत होती.

*

डॉक्टर म्हणाले, "बरं झालं आलात. उजवा पिकलाय, लगेच करू. डाव्यानंही धुरकटच दिसत असेल, तो पुढच्या महिन्यात."

शेवटची संधी म्हणून मी म्हणालो, "डॉक्टर, माझ्यासोबत आलेत, त्यांच्याकडेही जरा बघता का?"

डॉक्टरांनी सिस्टरला हाक मारली. "बाहेरच्या काकांना चहा द्या."

बायकोला काळजी नको, म्हणून मी फोनवर एवढंच म्हणालो की या आठवड्यात जरा धावपळ आहे. ती म्हणाली, "बरं. गॅस बंद करून जा."

*

ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी. बाहेर येऊन मी रिक्षा शोधू लागलो, तर बळवंतराव स्कूटर घेऊन उभे.

"रिक्षा कशाला? बसा."

मी बसलो. अजूनही कळत नाही, का बसलो. मोठ्या चौकात येईपर्यंत त्यांची नात डोळ्यासमोर येत राहिली. शेवटी मी सगळं बळ एकवटून, आयुष्यात पहिल्यांदा, कसलंही सूतोवाच न करता म्हणालो, "बळवंतराव, तुम्हाला दिसत नाही."

"हाव," ते म्हणाले. "कधीपासून वाट बघून राहिलो, कुणी तोंडावर म्हणतंय का. उद्या माझा नंबर लावू. पोरीला आता रिक्षानं धाडतो."

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तेवढ्यात त्यांनी ब्रेक दाबला.

"आता एवढं घरापर्यंत सांगत चला सर. समोर लाल हाय का हिरवं?"

मी डावा डोळा बारीक करून पाहिलं.

"हिरवं असावं," मी म्हणालो.

बळवंतरावांनी गाडी सोडली.