कंडेन्सरच्या जागी तार

माझा थोरला भाऊ आधी हात उचलायचा, मग विचार करायचा. नवीन जालन्यात एका मारवाडी शेठच्या घरचं लग्न होतं. मांडवात तो बिजलीची गिटार वाजवत होता, मी पेटीवर होतो. सूर मऊ करायला त्यानं टोनचं बटण फिरवलं की आवाज पार मरायचा. वऱ्हाडी हसायला लागले तसा तो उठला आणि त्यानं लाऊडस्पीकरवाल्याच्या जबड्यावर ठोसा हाणला.

"तुझं मशीन खराब हाय," म्हणत तो हाणतच राहिला. त्या माणसाचा ओठ फाटला, सदरा रक्तानं भरला. मी सोडवायला गेलो तर मलाही कोपर बसलं.

मी चिडून गिटारच उघडली. टोनच्या बटणापाशी कंडेन्सर नव्हता, नुसती तार जोडलेली होती. कंडेन्सर फक्त कर्कश आवाज अर्थिंगला सोडून देतो, तार सगळाच सोडते.

"हे कुणी केलं?"

"मीच. कंडेन्सर फुटल्ता. फ्यूज उडाला की तार टाकतो न्हाई का आपण?"

तो थोरला असला तरी मी त्याच्या कानाखाली जाळ काढला. लाऊडस्पीकरवाल्यानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि आपल्या हत्यारांच्या डब्यातला कंडेन्सर माझ्याकडे फेकला. मी तो त्याच्याच डब्यातल्या कथलाचा डाग देऊन बसवला, बटण फिरवलं, गिटारची तार छेडली. आवाज मऊ झाला, मेला नाही.

"वाजव आता," मी गिटार भावाच्या पुढ्यात आदळली.

त्यानं उजवा हात पुढं केला. ठोसे मारून बोटं वांग्यासारखी सुजली होती. एकही वाकत नव्हतं.