दारात बसणारी गोळी

रिसेप्टर या विषयावर मी आजही कुणाही समोर तासभर बोलू शकते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी आहेच. कॉलेजात निम्म्या वर्गाने तो धडा घोकला, पेपरात ओतला आणि विसरून टाकला. मला मात्र त्याचं वेड लागलं होतं. पेशीच्या पातळ कातडीत रिसेप्टर रुतलेले असतात. बाहेरून हार्मोन येतं, नाहीतर औषध येतं, आणि आपल्या रिसेप्टरला चिकटतं. पण ते आत जात नाही, आणि खरी गंमत तीच आहे. आत जातो तो फक्त निरोप. रिसेप्टरच्या खाली, पेशीच्या आतल्या बाजूला, 'जी' (G) नावाचं प्रोटीन टपून असतं. वर कोणी येऊन बसलं की रिसेप्टर जरा अंग वळवतो. मग ते 'जी' प्रोटीन हातातला वापरलेला रेणू टाकतं, ताजा उचलतं, दोन भागांत सुटतं आणि कामाला लागतं. काम झालं की हातातला रेणू स्वतःच निकामी करतं आणि परत जागेवर येऊन गप्प बसतं. काम झाल्यावर गप्प बसणं मला स्वतःला अजून जमलेलं नाही.

एवढं ज्ञान घेऊन मी तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका छोट्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून रुजू झाले. तिकडे दिवाळीनंतर गवतकापणी सुरू होते. माणसं पहाटेपासून माळावर असतात, आणि कापलेल्या गवताच्या भाऱ्यांखाली लाल विंचू असतात. मोठ्या माणसाला विंचू चावला तर बहुतेक वेळा हात सुजतो, तो दिवसभर कळवळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर जातो. त्यामुळे विंचवाचं तिथे कुणाला फारसं काही वाटत नाही. मला ओरडत येणाऱ्या पेशंटची भीती कधी वाटली नाही. गप्प येणाऱ्याची वाटते.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एक बाप आठ-नऊ वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आला, आणि ती मुलगी गप्प होती. बरोबर त्याची बहीण होती. मुलीची आई गुजरातेत वीटभट्टीवर गेलेली, म्हणून या आत्यानेच पोरीला सांभाळलेलं. भारा ओढताना बोटाला विंचू चावला होता. अंगावरचा झगा घामाने पिळून काढावा इतका ओला. दोनदा उलटी झालेली. हातपाय बर्फासारखे गार, नाडी सुसाट, ब्लड प्रेशर त्या वयाला न शोभेल इतकं वर.

विंचवाचं विष स्वतः फारसं काही करत नाही, ते शरीराकडूनच सगळं करवून घेतं. त्याच्यामुळे ॲड्रिनलिन आणि त्याची भावंडं रक्तात भसाभस सुटतात. ती रक्तवाहिन्यांच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. आत 'जी' प्रोटीनची धावपळ सुरू होते, पेशीत कॅल्शियम सुटतं आणि वाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदय दमतं, मग फुप्फुसात पाणी भरतं. मूल जातं ते यामुळे. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष त्या दिवशी आमच्याकडे संपलेलं होतं. पण प्राझोसिनची गोळी होती, आणि ती नेमकी त्याच रिसेप्टरवर बसते. मला शंकाच नव्हती. मी वजन केलं, हिशेबाने गोळी दिली आणि आत्याला बजावलं, "हिला झोपवून ठेवा. अजिबात उठवायचं नाही." आणि शेजारच्या खोलीत बाळंतिणीचे टाके घालायला गेले.

पाऊण तासाने नर्सची हाक आली. मी धावत व्हरांड्यात गेले तर मुलगी फरशीवर पडलेली, डोळे वर गेलेले, नाडी हाताला लागेना. आत्या तिला दंडाला धरून चालवत असताना ती कोसळली होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण "अडाणी" हा शब्द त्यात होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मुलीला आडवं केलं, पाय वर धरले. आमच्या खाटेचा पायथा वर होत नसे, म्हणून आत्यानेच ते पाय आपल्या खांद्याला टेकवून धरून ठेवले. हळूहळू नाडी परतली, पोरीने डोळे उघडले. मग मी आत्याला विचारलं, का उठवलंत?

"इख चढतं ना, बाय. झोपली का इख चढतं. आमच्याकडे कोणालाच झोपू नाय देत. चालवत ठेवतात."

इख म्हणजे विष. तिच्या पाड्यात सापापासून विंचवापर्यंत सगळ्याला हाच नियम होता. चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, दोघांनी धरून अंगणात फिरवत ठेवायचं. पोरीचा डोळा लागला आणि ही घाबरली. तिने पोरीला वाचवायलाच उठवलं होतं.

बारा वाजून गेल्यावर प्रेशर पुन्हा चढू लागलं. हात गारच होते, श्वास मघापेक्षा जलद. दुसरी गोळी द्यायची वेळ झाली होती. मी गोळी हातात घेतली आणि बाप मध्ये उभा राहिला.

"ही नको. हिच्यानंच पडली ती." त्याने फाट्यावरची जीप थांबवून ठेवली होती. "मी सिलवासाला मोठ्या दवाखान्यात नेतो."

आमची अँब्युलन्स एका अडलेल्या बाईला घेऊन डहाणूला गेलेली. जीपमध्ये पोरीला मांडीवर बसवून, दाटीवाटीत तासाहून जास्त वळणांचा रस्ता. प्रेशर चढलं तर फुप्फुसात पाणी, उतरलं तर मघासारखी शुद्ध जाणार, आणि वाटेत बघायला कोणी नाही. मला स्वच्छ दिसत होतं की पोर पोचणार नाही. तसं मी म्हटलंही. पण सकाळपासून मी फक्त हुकूम सोडत होते आणि एक हुकूम त्याच्या डोळ्यांदेखत उलटला होता. त्याने माझं का ऐकावं?

मी खाटेशेजारी फरशीवर बसले. आत्याला म्हटलं, "तुमच्या पाड्यात मी सर्वेला येते तेव्हा कुठे उभी राहते?"

"अंगणात."

"घरात घेता मला?"

"नाय." ती जरा ओशाळली. "घरात कोणालाच नाय घेत."

"मग माझं म्हणणं आतल्या माणसाला कसं कळतं?"

"दारातली बाई जाऊन सांगते."

"बस, तेच. अंगात तसंच चालतं." मग मी तिला सगळं सांगितलं. विंचवामुळे अंगात एक पाहुणा सुटलाय, एक नव्हे, झुंडीच्या झुंडी. ते रक्ताच्या नळ्यांच्या दारात येऊन बसतात. आत पाऊलही टाकत नाहीत. दाराआड बसलेली बाई उठते आणि आत जाऊन सांगते, आवळा. एक पाहुणा आला तरी ती घरभर कालवा करते. नळ्या आवळतात, म्हणून हात गार. आता ही गोळी काय करते? विंचवाला मारत नाही, विष बाहेर काढत नाही. ती फक्त पाहुण्याच्या आधी दारातल्या जागेवर जाऊन बसते. आणि बोलत काही नाही.

"मुकी," आत्या म्हणाली.

"मुकी. मग आतल्या बाईला उठायचं कारणच राहत नाही. नळ्या सैल पडतात. पण आपण उभं राहतो ना, तेव्हा रक्त पायात उतरू नये म्हणून नळ्या आवळाव्याच लागतात. मुकी बसलेली असताना त्या आवळत नाहीत. रक्त सगळं पायात, डोक्यात काही नाही. म्हणून ती पडली. आडवी असती तर पडली नसती."

बाप दारात उभा राहून ऐकत होता. आत्या मात्र विचार करत होती, आणि मग तिने जे विचारलं ते माझ्या वर्गात कुणीही विचारलं नव्हतं.

"आणि मुकी उठून गेली का मग काय होतं?"

"मग पाहुणे परत येऊन बसतात," मी म्हटलं. "आत्ता तेच चाललंय. हात बघा तिचे. सकाळची गोळी उठून चाललीय, म्हणून मला दुसरी द्यायचीय."

तिने पोरीचा हात हातात घेऊन बघितला. भावाकडे मान वळवून ती त्यांच्या बोलीत भराभर काहीतरी बोलली. त्यातला "मुकी" हा एकच शब्द मला नीट कळला. तो दारातून बाजूला झाला. "दे, बाय," आत्या मला म्हणाली. "मी हिला हलू नाय देत."

तिने खरोखर हलू दिलं नाही. पोरीला लघवीला लागली तेव्हा भांडं खाटेवर मागून घेतलं. मी दर पंधरा मिनिटांनी पाठीला स्टेथोस्कोप लावत होते, फुप्फुसाच्या तळाशी पाण्याचा बारीक आवाज येतोय का ते ऐकत होते. मी घाबरले होते. हे त्या दोघांना कळू दिलं नाही, पण घाबरले होते. मघाशी केलेलं सगळं निरूपण पाठ असूनही माणूस हातचा जाऊ शकतो, हे मला तोवर चांगलं कळून चुकलं होतं. जीपवाल्याने फाट्यावरून दोनदा हॉर्न वाजवला. बाप दोन्ही वेळा बाहेर जाऊन त्याला थांबायला सांगून आला.

तीनच्या सुमाराला मी प्रेशरचा पट्टा बांधत होते. आत्याच्या मुठीत पोरीचे दोन्ही तळवे होते, दुसऱ्या गोळीपासून ते तिने सोडलेच नव्हते.

"गरम झाले," ती म्हणाली.

मी पट्टा तसाच ठेवून हात लावला. तळवे कोमट होते, कोरडे होते. छातीत आवाज नव्हता. प्रेशर उतरून जागेवर येत होतं. पोरीने भात मागितला, आणि तो नाही म्हटल्यावर रडली. ते रडणं ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी नर्सला मिठीच मारली. बाप फाट्याकडे गेला आणि जीप पाठवून देऊन परत आला.

आत्या खाटेच्या पायथ्याशीच बसून होती. तिकडे डॉक्टरलाही तूच म्हणतात. माझ्याकडे न बघता, आवाज जराही न चढवता तिने विचारलं, "हे तू मला सकाळी सांगितलं असतं, तर मी उठवली असती का तिला?"

"नाही," मी म्हटलं.